येताना जाऊ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना तर नाहीच. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या माझ्या सासूबाई आत्ता शेजारच्या खोलीत मेथी निवडत बसल्या आहेत. सहा वर्षं झाली. दर थोड्या दिवसांनी मी मनाशी ठरवते, आज बोलायचंच — आणि मग कुकरची शिट्टी होते, नाहीतर कुणीतरी दार वाजवतं, आणि मला हायसं वाटतं. हायसं वाटतं, हे लिहितानाही लाज वाटते आहे.

कुठून सुरुवात करू? सहलीपासूनच करते. सहलीबद्दल बोलायला मला आवडतं. बघा, इथंही मी सोपी बाजू आधी धरली.

मी परतूरला राहते आणि जवळच्या खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरात आम्ही पाच माणसं — मी, आमचे हे, दोन मुलं आणि सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. आमच्या घरानं सहल अशी कधी केलीच नव्हती. लग्नाला जायचं, बारशाला जायचं, मयतीला जायचं, आमचा प्रवास तेवढाच. म्हणून मी ठरवलं की दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून आठ दिवस कोकणात जायचं. थोडे दिवस एखाद्या खेड्यात, माडा-पोफळीच्या वाडीत, आणि थोडे दिवस थेट समुद्रावर. हे ठरवलं कधी? प्रत्यक्ष गेलो त्याच्या तीन दिवाळ्या आधी.

पहिल्या वर्षी आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी भावकीतले एक आजोबा गेले, सुतक लागलं, आणि भरलेल्या बॅगा पुन्हा रिकाम्या केल्या. त्या आजोबांना मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. तिसऱ्या वर्षी निवडणुकीच्या कामाचा आदेश हातात पडला. मास्तरणीलाही सुट्टी असते, ही गोष्ट सरकारच्या गळी कधी उतरली आहे? दर वर्षी मी हसून म्हणायचे, जाऊ द्या, पुढच्या दिवाळीत. आतून मात्र धुमसत असायचे. चौथ्या वर्षी मी स्वतःला बजावलं — आता काहीही होवो, जायचं म्हणजे जायचं.

मला टाचण काढायची सवय आहे. शाळेत रोजच्या तासाचं काढावं लागतं ना — काय शिकवायचं, किती वेळ, साहित्य काय लागेल. सहलीचंही मी तसंच टाचण काढलं, दोनशे पानी वहीत, रेघा मारून. कुठल्या दिवशी किती वाजता निघायचं, धपाटे कुणाच्या पिशवीत, शेंगदाण्याची चटणी कशात, उलटीच्या गोळ्या कुणाजवळ. आमचे हे मुलांसमोर माझी थट्टा करायचे, "लघवीला कुठं थांबायचं, ते बी लिव्हलं का बाईंनी?" लिहिलं होतं. खरंच लिहिलं होतं.

प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे ते आत्ताच सांगा, मग ऐनवेळी कुरकुर चालणार नाही. मुलांना होडीत बसायचं होतं. ह्यांना मासे खायचे होते, कारण आमच्या घरात मासे शिजत नाहीत. आई म्हणाल्या, "मला काई नको गं. समुद्र बघीन, बसीन. फकस्त जाताना कौसाला भेटून जाऊ."

कौसा म्हणजे कौसाबाई, आईंची लहानपणची मैत्रीण. दोघी भोकरदनकडच्या, धावड्याच्या. कौसामावशी बौद्धवाड्यातल्या, आई वरच्या आळीतल्या. दोघी मिळून शेळ्या राखायच्या आणि तहान लागली की कौसामावशींच्या तांब्यातलं पाणी प्यायच्या. हे घरी कळलं तेव्हा आईंना त्यांच्या आईनं अंगावर वळ उठेपर्यंत मारलं होतं. "तरी दुसऱ्या दिवशी बी पेले," असं आई अजून छाती फुगवून सांगतात. पुढं कौसामावशींना अंबड तालुक्यात दिलं, अंतरवाली सराटीच्या पलीकडच्या एका गावात, आणि आई परतूरला आल्या. पण मैत्री तुटली नाही. ना नातं, ना भावकी — दोघींना जोडणारा धागा म्हणजे माझा फोन. आईंना स्वतःचा मोबाइल नकोच होता. दर रविवारी अंघोळी उरकल्या की मी कौसामावशींच्या मुलीला, संगीताला फोन लावायचे, स्पीकर चालू करून आईंच्या मांडीवर ठेवायचे, आणि मग पाऊण तास दोघी एकमेकींशी इतक्या ओरडून बोलायच्या की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं. संगीताचा नंबर आमच्या घरात फक्त माझ्याकडं होता, आणि तिच्याकडं फक्त माझा.

तर आईंची ती एक मागणी मी टाचणाच्या पहिल्याच पानावर लिहिली. शनिवार, सकाळी साडेसात, कौसामावशींकडे चहा, अर्धा तास. गाव आमच्या वाटेवरच होतं, मुख्य रस्ता सोडून दहा मिनिटं आत. रविवारच्या फोनवर आईंनी त्यांना सांगूनही टाकलं, शनिवारी येते गं.

मी अजून गोल गोल फिरते आहे, नाही का? शुक्रवारावर येते.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात खाली बसून परातीत चिवडा कालवत होते. मुलं बॅगांवर बसून चेन लावत होती, घरात नुसता कल्ला होता. फोन वाजला. संगीता होती.

"ताई, आईचं काई खरं न्हाई," ती म्हणाली. "चार दिस झाले, अन्न सोडलंय. डॉक्टर घरीच ठिवा म्हनले. सारखं इंदू कवा येती, इंदू कवा येती करून राह्यली. इंदूच्या हातानं दोन घोट पाजा म्हनती. मावशीला आजच आनता का?"

इंदू म्हणजे आमच्या आई. मी म्हणाले, "अगं, उद्या सकाळी येतोच आहोत." हे बोलले तेव्हा ते खोटं नव्हतं. शपथ — नको, शपथ घ्यायचा हक्क मला नाही. पण तेव्हा ते खोटं नव्हतं.

फोन ठेवला आणि पुन्हा परातीत हात घातला. आणि डोकं चालायला लागलं. आई एकदा तिथं गेल्या की उठतील का? मैत्रिणीच्या उशाशी बसतील, दोन दिवस, चार दिवस, जे काय व्हायचं ते होईपर्यंत. त्यांना तिथं टाकून आम्ही समुद्रावर कसं जाणार? म्हणजे बॅगा परत घरी. म्हणजे पुन्हा पुढची दिवाळी. आणि पुढच्या दिवाळीत मुलगी दहावीला. चिवडा कालवून होईपर्यंत माझं ठरलं होतं. एवढाच वेळ लागला. अशा गोष्टी करायच्या आधी माणसाच्या मनात पुष्कळ झटापट होत असेल, अशी माझी समजूत होती. माझ्या मनात काही झाली नाही. मी मीठ चाखून पाहिलं आणि उठले.

आई पलंगावर साड्यांच्या घड्या घालत होत्या. मी म्हणाले, अंबडकडचा रस्ता खोदून ठेवलाय म्हणे, गाडी जालना-औरंगाबादवरून न्यावी लागेल, तोवर रस्ता मोकळा होईल, कौसामावशींकडे येताना जाऊ. आईंचे हात थांबले.

"कौसा वाट बघंल की गं."

मी म्हणाले, संगीताला मेसेज टाकते.

"मंग बराबर हाय," आई म्हणाल्या. "येताना जाऊ. समुद्रावरून तिला काईतरी आनता बी यील."

मेसेज मी टाकला नाही. भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला मात्र फोन करून रस्ता बदलायला सांगितला — ह्यांनाही तेच खोदलेल्या रस्त्याचं सांगितलं. आणि वहीतली ती ओळ खोडली. पट्टी लावून, सरळ रेघ मारून खोडली. शनिवारी सकाळी संगीताचे तीन फोन आले. फोन माझ्या पर्समध्ये होता, आवाज बंद करून.

आता सहल कशी झाली ते सांगू? फार छान झाली. वाईट झाली असती तर मला जरा बरं वाटलं असतं — पण नाही, इतके सुंदर दिवस आमच्या घराच्या वाट्याला आधी कधी आले नव्हते आणि नंतरही आले नाहीत.

वाटेत पुण्यात मुक्काम करून रविवारी दुपारी आम्ही त्या खेड्यात पोचलो. घरमालकीणबाईंशी आईंची पहिल्या तासातच गट्टी जमली. आईंनी परतूरहून बाजरीचं पीठ नेलं होतं — मला न सांगता, टाचणात नसताना. त्यांनी त्या बाईंना भाकरी थापून दाखवली, आणि त्या बाईंनी आईंना पोफळीच्या बागेतून हिंडवलं. "एवढं पानी देवानं दिलंय, अन् वावरं बघ कशी, हातरुमालाएवढी," म्हणून आई तीन दिवस हळहळत होत्या. आमचे हे ओट्यावर लोळून वर्तमानपत्र वाचायचे आणि आपण किती वर्षांत असे लोळलो नाही, ते सगळ्यांना सांगायचे.

त्याच रविवारी संध्याकाळी आई म्हणाल्या, "कौसाला फोन लाव गं, आज ऐतवार." मी म्हणाले, इथं डोंगरात रेंज नाही. शेजारीच घरमालकीणबाईंची मुलगी मोबाइलवर कसलातरी व्हिडिओ बघत बसली होती. तिच्याकडं दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल, मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं मला. आई नुसतं "हां" म्हणाल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, दुसरं काय?

मंगळवारी समुद्रावर आलो. पहिल्यांदा समुद्र दिसला तशा आई जागीच थांबल्या. चपला काढून हातात घेतल्या आणि लांबूनच नमस्कार केला. मग बोट बुडवून पाणी चाखलं, थुंकल्या, आणि स्वतःलाच हसायला लागल्या. एका लाटेनं त्यांना खाली बसवलं तर उठायलाच तयार नाहीत. सत्तरीतली बाई, पदर कमरेला खोचून, येणाऱ्या प्रत्येक लाटेला शिव्या देत होती आणि मुलं हसून हसून वाळूत गडबडा लोळत होती. माझं आईंवर प्रेम होतंच, पण त्या दिवशी मला त्या माझ्याच लेकीसारख्या वाटल्या. मला वाटलं, बरं केलं. हो, असंच वाटलं, मी बरं केलं. हेही सांगून टाकते.

बुधवारी सकाळी आई शिंपले वेचत होत्या. कौसामावशींसाठी. फुटका नको, काळपट नको, बारका नको — भाजी घेताना करतात तशी चिकित्सा चालली होती. माझ्या हातातला फोन थरथरला. संगीताचा मेसेज होता. "आई गेली. पहाटं." एवढंच. पुढं काही नाही, मला एक शब्द लावून बोललेला नाही.

"अगं हे बघ, गुलाबी घावला!" आईंनी हाक मारली.

मी फोन पर्समध्ये टाकला, त्यांच्याजवळ गेले आणि वाकून शिंपले वेचायला लागले. आम्ही दोघींनी अर्धा तास वेचले. ज्या बाईसाठी वेचत होतो ती आता या जगात नाही, हे आमच्या दोघींपैकी एकीला माहीत होतं. मला आठवतं, मी एक मोठा पांढरा शोधून दिला तेव्हा आईंनी माझ्या गालावरून हात फिरवला होता. वाळूचा हात होता.

तेव्हा सांगता आलं असतं. गुरुवारी सांगता आलं असतं, शुक्रवारी पुण्याच्या मुक्कामी सांगता आलं असतं. फोन आत्ताच आलाय असं खोटं बोलूनसुद्धा सांगता आलं असतं. परतीच्या वाटेवर नगरला चहाला थांबलो — मी ठरवलं, इथं सांगू. पण मुलांचं बिस्किटांवरून भांडण लागलं. मग ठरवलं शेवगाव. मग पैठण. शहागड आलं तशी आईंनी मांडीवरची शिंपल्यांची पिशवी उघडली आणि पदरानं एकेक पुसायला घेतला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ड्रायव्हरला वळण आईंनीच दाखवलं.

गाडी थांबली. आई माझ्या आधी उतरल्या आणि पिशवी घेऊन भराभरा निघाल्या, दारातूनच हाक मारली, "कौसे! ए कौसे!" मी गाडीतच बसून होते. मला ठाऊक होतं आत काय आहे, आणि मी त्यांना एकटीला आत जाऊ दिलं. या सगळ्यात मला स्वतःची सर्वांत जास्त किळस कशाची येत असेल, तर त्या दोन मिनिटांची. फोन लपवला ते स्वार्थानं, पण हे निव्वळ भेकडपणानं.

मग मी गेले. आत बुद्धाच्या तसबिरीशेजारी कौसामावशींचा फोटो होता, पांढरी फुलं होती, मेणबत्ती जळत होती. आई फोटोसमोर जमिनीवर बसल्या होत्या, पिशवी हातातच. रडत नव्हत्या. "कळवायचं तरी गं, बाई," असं संगीताला पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मी उठून आले असते. आहे तशी आले असते."

संगीतानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलणार ही. आणि खरं सांगते, एका परीनं मला वाटलं की बोलावं.

"लई फोन लावले मावशी," संगीता म्हणाली. "लागलेच न्हाईत. समुद्राकडं रेंज नसती म्हनं."

मी मागच्या दारी पाय धुवायला गेले तर ती माझ्या मागं आली. "मावशीसाठी बोलले," म्हणाली. "तुमच्यासाठी न्हाई." त्यापुढंही ती बोलली. ते लिहायला माझा अजून धीर होत नाही.

तेव्हापासून संगीता माझा फोन उचलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. आईंनी मात्र आल्या आल्या स्वतःसाठी मोबाइल घ्यायला लावला. तो सतत कमरेच्या पिशवीत असतो. कुठलीशी कंपनी कर्ज पाहिजे का म्हणून फोन करते, तोही त्या धावत जाऊन उचलतात. घरी कुणी आलं की कौतुकानं सांगतात, "माझ्या सुनेनं मला समुद्र दाखिवला." शेजारणींना सांगतात, माझ्या नणंदेला सांगतात, माझ्या माहेरच्यांना तर माझ्यादेखत सांगतात. मी चहा टाकायला म्हणून आत जाते.

पण पुन्हा त्या कुठंही गेल्या नाहीत. मागच्या वर्षी ह्यांनी हौसेनं विषय काढला, चला, परत एकदा जाऊ. आई म्हणाल्या, "तुमी जा. म्या एकदा गेल्ते, लई महाग पडलं. तिकडं कौसाचा जीव जाऊन राह्यल्ता अन् इकडं म्या पान्यात खेळून राह्यले." सहा वर्षं त्या स्वतःला बोल लावत आल्या आहेत. समुद्राचा हव्यास धरला म्हणून. हव्यास कुणाचा होता? एका वाक्यात मी त्यांचं ओझं उतरवू शकले असते. ते वाक्य मी बोलले नाही, कारण मग त्या माझ्याकडं आता बघतात तशा पुन्हा बघणार नाहीत. एवढंच कारण आहे. त्यांच्या तब्येतीचं, वयाचं काही म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती मधे. ते खरं नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. ध्यानीमनी नसताना आईंनी विचारलं, "तू तवा संगीताला मेसेज टाकला व्हता ना गं? शनिवारी येत न्हाई म्हनून? कौसानं वाट तर न्हाई ना बघितली माझी?"

"टाकला होता आई," मी म्हणाले. "नाही बघितली वाट."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, मग मान हलवली. "मंग बरं झालं बाई," म्हणाल्या आणि पुढची मूठ उचलली.

कौसामावशींनी वाट बघितली. शनिवारी सकाळी त्यांनी संगीताकडून केस विंचरून घेतले आणि खाट दाराकडं तोंड करून ठेवायला लावली. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की विचारायच्या, इंदू आली का. शनिवारी विचारलं, रविवारी विचारलं, सोमवारी विचारलं. मंगळवारी आवाज फुटत नव्हता तेव्हा नुसतं दाराकडं बोट करायच्या. मागच्या दारी संगीतानं मला हे सांगितलं. आईंना हे माहीत नाही.